शनिवार-रविवार मुलांना बाहेर नेतो, तरी ती खूश का नसतात?

"आमचा वीकेंड आम्ही पूर्णपणे मुलांना देतो, तरी त्यांचं समाधानच होत नाही." मुलांबद्दलच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुण आईवडिलांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. कधी ते उलट बाजूनं येतं: "आम्हाला कुठे न्यायला जमत नाही, बाकीची मुलं सारखी फिरत असतात. आमचं मूल मागे तर पडणार नाही ना?" आणि कधी सोबत आलेल्या आजी म्हणतात, "एवढ्याशा लेकरांना कशाला फिरवता? त्यांना काय आठवणार आहे यातलं?" तिन्हीच्या मुळाशी काळजी एकच असते. मूल लहान आहे तोवरचा हा काळ आपल्या हातून नीट चाललाय ना, ही ती काळजी. त्यावर एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईबाबा दोघंही आयटीत, पुण्याजवळ वाकडला दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा साडेचार वर्षांचा, त्याला आपण मनू म्हणू. मुलगी दीड वर्षाची. मुलं दिवसभर शाळेत-पाळणाघरात. आईबाबा घरी यायचे संध्याकाळी सातनंतर. बाबांची महिन्यातून एक तरी फेरी बंगळूरला. या सगळ्याची भरपाई म्हणून शुक्रवारी रात्री बॅगा भरायच्या आणि शनिवारी पहाटे निघायचं. लोणावळा, मुळशी, काशीद, महाबळेश्वर. लांब जाणं जमलं नाही तर मॉल. आणि प्रत्येक सहलीत कुठे ना कुठे मनू जमिनीवर लोळण घेऊन "घरी जायचं" म्हणून भोकाड पसरायचा.

"इतका खर्च करतो, इतकी धावपळ करतो," आई म्हणाली, "आणि ह्याला घरी जायचं असतं. घरी काय आहे?"

मी बाबांना विचारलं, "महाबळेश्वरचा शनिवार मला सकाळपासून सांगा. काय काय बघितलंत ते राहू दे. मनूशी कोण काय बोललं, तेवढंच सांगा."

ते आठवून सांगू लागले. "ऊठ. चल लवकर. गाडीत झोप. नीट बस. थांब जरा, पोचतोच आहोत. इकडे बघ, हस. अरे हस ना. पटकन खा, मग बोटिंगला गर्दी होईल. त्याला हात लावू नको. झालं ना बघून, चल आता." इथे ते थांबले. "म्हणजे दिवसभर मी त्याला नुसत्या सूचना दिल्या की."

यावर मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात मनूला उलटी झाली होती आणि त्यावरूनही दोघांची जुंपली होती. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागते, यात नवल काहीच नाही. वळणांवर गाडी हलते आहे हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं, आणि डोळे मोबाईलवर खिळलेले असले की ते सांगतात, आपण तर जागच्या जागी आहोत. या गोंधळात मळमळतं. मनू रडू नये म्हणून त्याच्या हातात घाट सुरू होतानाच मोबाईल दिला जायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात म्हटलं आहे की लहान मुलांना सलग तासाभराहून जास्त वेळ एका जागी बांधून ठेवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप हवी, दीड वर्षाच्या बाळाला अकरा ते चौदा. पहाटे पाचला उठवलेलं, दुपारची झोप बुडालेली, तीन तास सीटवर बसलेलं मूल पॉइंटवर पोचल्यावर लोळण घेतं, तेव्हा तो हट्टीपणा नसतो. त्याचं शरीर थकलेलं असतं आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नसते.

एवढं सांगून मला हे प्रकरण मिटवता आलं असतं. झोप सांभाळा, वाटेत थांबा, मोबाईल देऊ नका, या. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

पुढच्या वेळी मनू बरोबर आला होता. माझ्या खोलीत एका कोपऱ्यात खेळणी असतात. आईने लगेच त्याला त्या कोपऱ्यात नेलं. "बघ मनू, ट्रेन! चल, ट्रेन चालवू या." मनूने ट्रेन हातात घेतली, तोवर आईने ठोकळे काढले. "बिल्डिंग करू या?" मग भातुकली. मग चित्रांचं पुस्तक. दहा मिनिटांत पाच-सहा खेळणी बाहेर आली, आणि मनू खेळण्यांकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिचा चेहरा ताणलेला होता. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

त्यानंतर मी तिला एकटीला बोलावलं. "त्या दिवशी तुम्ही दुसरं खेळणं काढलं नसतं, तर काय झालं असतं?"

"तो कंटाळला असता."

"मग?"

ती बराच वेळ गप्प होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी वाट पाहिली. माझ्या कामात या वाट पाहण्यावर माझा फार विश्वास आहे. शेवटी ती म्हणाली, "मग मला काही सुचलं नसतं. खरं सांगू का मॅडम? रविवार घरी काढायचा म्हटलं की शुक्रवारपासूनच माझ्या पोटात गोळा येतो. दोन मुलं, बंद दार आणि मी. काय करायचं त्यांचं दिवसभर? म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढते. मुलांसाठी नाही हो, माझ्यासाठी."

आणि ती रडली. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. "काय सांगणार? आईलाच पोरांची भीती वाटते म्हणून?"

हे ऐकल्यावर मला त्या कुटुंबाचा प्रश्न पहिल्यांदा पुरता दिसला. सहली जास्त होत्या का कमी, हा मुद्दाच नव्हता. मी तिला तिच्या लहानपणाबद्दल विचारलं. साताऱ्याजवळचं मोठं घर, आजी, दोन काकू, चुलत भावंडं. "तुमच्याशी मोठ्यांपैकी कोण खेळायचं?" ती विचारात पडली. "कोणीच नाही. आजी निवडत-टिपत बसलेली असायची. काकू चुलीपाशी. आम्ही त्यांच्या आजूबाजूला." म्हणजे तिला स्वतःला ज्या बालपणाची ऊब अजून आठवते, त्यात एकाही मोठ्या माणसाने तिचं मनोरंजन केलेलं नव्हतं. मोठी माणसं आपलं काम करत होती, पण हाकेच्या अंतरावर होती. आता ती फ्लॅटमध्ये एकटी आहे, आणि मुलाला क्षणभरही कंटाळू न देणं हेच आईपण, असा समज तिने कुठून तरी डोक्यावर घेतला आहे. हे ओझं कोणालाही पेलणार नाही.

माझा स्वतःचा पिंड मूल आणि आईबाबा यांच्यातल्या नात्याकडे आधी बघण्याचा आहे. जॉन बोल्बी आणि डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश अभ्यासकांच्या विचारांवर मी वाढले. विनिकॉट बालरोगतज्ज्ञही होते आणि मनोविश्लेषकही. १९५८ मध्ये त्यांनी मांडलेली एक गोष्ट मला आजही रोज उपयोगी पडते: एकटं राहण्याची क्षमता मुलात तयार होते ती आईच्या सोबतीत. आई जवळ आहे, पण आपल्याकडून तिला काही नको आहे, आपल्यालाही तिच्याकडून या क्षणी काही नको आहे, अशा निवांतपणात मूल स्वतःत रमायला शिकतं. मनूला हा निवांतपणा घरीही नव्हता आणि महाबळेश्वरलाही नव्हता. "घरी जायचं" म्हणून तो जे मागत होता, ते हे होतं.

मग आम्ही ठरवलं ते फार साधं होतं. शनिवारी सकाळचे दोन तास कुठेही जायचं नाही आणि मुलांसाठी काहीही योजायचं नाही. आईबाबांनी घरातलं हाताचं काम घेऊन जमिनीवर बसायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मुलं आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची.

पहिला शनिवार वाईट गेला. मनूने "मी काय करू?" विचारून विचारून आईला भंडावून सोडलं, धाकटीने रांगोळीचा डबा सांडला. मी म्हटलं, चालू ठेवा. सतत कोणीतरी रमवण्याची सवय लागलेल्या मुलाला कंटाळ्यातून बाहेर यायला काही दिवस लागतातच.

काही आठवड्यांनी तिने मला सांगितलेला प्रसंग मी मुद्दाम सविस्तर देते. ती मेथीची जुडी घेऊन बसली होती. मनू येऊन टेकला. पानं खुडायची सोडून तो देठांची एक ओळ लावत बसला, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. तिच्या तोंडावर आलं होतं, "अरे असं नाही, पानं वेगळी कर." ती गप्प राहिली. ओळ अर्धी झाल्यावर, मान वर न करता तो म्हणाला, "आई, शाळेच्या बसमधे एक दादा माझी बॅग मागून ओढतो. रोज ओढतो." हे किती दिवस चाललं होतं कोणास ठाऊक. बोटिंगच्या रांगेत किंवा मॉलच्या गेमझोनमध्ये मूल असलं काही सांगत नाही. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला तर "काही नाही" हेच उत्तर मिळतं. मुलांचं बोलणं हात गुंतलेले असताना, नजरेला नजर नसताना आणि कोणाला कसली घाई नसताना बाहेर येतं. ते ऐकायला तिथे कोणीतरी बसलेलं मात्र असावं लागतं.

याचा अर्थ सहली बंद करा, असा मुळीच नाही. मुलांना बाहेरचं जग हवंच. पण लहान मुलाला नवं नवं दाखवत राहायची गरज नसते. तेच ते पुन्हा बघण्यात त्याला फार सुख असतं. पुण्यातल्या पालकांना मी पेशवे उद्यानातली फुलराणी सांगते. १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्या छोट्या आगगाडीत आज आजोबा झालेली माणसंही लहानपणी बसलेली आहेत. चार महिन्यांत चार डोंगर दाखवण्यापेक्षा त्याच बागेत चारदा गेलात तर मूल तिथलं झाड, तिथला माळीकाका, वळणावरची शिट्टी ओळखू लागतं. सिटीबसने मंडईत जाऊन भाजी आणणं हीदेखील साडेचार वर्षांच्या मुलाची मोठी सहल आहे. लांब जायचं असेल तर एकाच गावी मुक्काम करा, दिवसातून एकच गोष्ट बघा, दुपारची झोप बुडवू नका, वाटेत तासाभराने दहा मिनिटं पाय मोकळे करू द्या. आणि बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नका, हे मी सांगतेच, कोणी विचारो न विचारो.

हे कुटुंब दिवाळीनंतर कोकणात हर्णैला गेलं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो, तो मनूने बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत तिथेच जायचं होतं. केशवराजचं देऊळ राहिलं, पन्हाळेकाजीची लेणी राहिली. बाबांना चुटपुट लागली होती, पण ते दुसऱ्यांदाही लिलावाला गेले आणि मनूला खांद्यावर घेऊन उभे राहिले. त्यांच्याकडून हे झालं याचं मला खरोखर समाधान वाटलं.

"आठवणार नाही, मग कशाला न्यायचं?" या आजींच्या प्रश्नालाही उत्तर आहे. वयाच्या तीन वर्षांआधीचं आपल्याला बहुधा आठवत नाही, हे खरं. पण घरी आल्यावर आईबाबा ज्या मुलांशी गेलेल्या दिवसाबद्दल तपशिलात बोलतात, त्यांच्या आठवणी अधिक भरीव होतात, हे अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. "तो मासा केवढा होता रे? आणि मग तू काय म्हणालास?" एवढं झोपताना पुरतं. शंभर फोटोंपेक्षा ते जास्त टिकतं.

बाबांच्या बंगळूरच्या फेऱ्यांचाही प्रश्न होता. मूल रडेल म्हणून ते पहाटे गुपचूप निघायचे. हे मी बंद करायला लावलं. न सांगता गेलेलं माणूस कधीही नाहीसं होऊ शकतं, असं मूल शिकतं आणि मग बाबा घरात असतानाही बिलगून राहतं. दाराशी उभं राहून, कधी येणार ते सांगून, रडू आलं तर रडू देऊन निघावं. सोमवार-गुरुवार मुलाला कळत नाही. "दोनदा झोपून उठलास की मी येतो" हे कळतं. परत आल्यावर मूल तोंड फिरवून आजीकडे पळालं तर वाईट वाटून घेऊ नका, ते रागावलेलं असतं. भेटवस्तू पुढे करू नका, जवळ बसून राहा.

आणि नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर पडावं का? पडावं. मुलांना ओळखीच्या, मायेच्या माणसाकडे सोडून, सांगून, एखाद्या संध्याकाळी. दीड वर्षाच्या बाळाला सोडून आठवडाभराची सफर मात्र मी सुचवत नाही. मूल साताठ वर्षांचं होईस्तोवर ती थांबू शकते.

शेवटी एक गोष्ट वेगळी काढून सांगते. मनू फक्त दमणुकीने आणि घाईने बिथरायचा, घरात तो शांत होता. काही मुलं घरातही मिक्सर किंवा कुकरच्या आवाजाने कान घट्ट झाकतात, नावाने हाक मारली तरी वळत नाहीत, नजर देत नाहीत, वयाच्या मानाने फार कमी बोलतात. अशा मुलाच्या बाबतीत सहलींचं वेळापत्रक बदलत बसू नका आणि "मोठा झाला की सुधारेल" यावरही विसंबू नका. त्याला आधी बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.