मालगाडीची वाघीण यार्डात असताना ठिकाण बदलू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचे माझेच दिवस डोळ्यांसमोर आले. तुमची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मोठ्या रेल्वे यार्डात पोचून चार दिवस झालेत, ट्रॅकिंगवर रोज तेच एक वाक्य दिसतंय, ग्राहक फोन करकरून हैराण करतोय, आणि म्हणून ती तिथूनच दुसऱ्या गोदामाकडे वळवून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. नका वळवू. ती यार्डात नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत तरी अजिबात नको.

आधीच सांगतो, मी रेल्वेतला नाही. माल पाठवणारा माणूस आहे, आणि माझा संबंध आला तो हम्प (वाघिणी घरंगळत सोडायचा उंचवटा) असलेल्या यार्डाशी. जिथं इंजिनच पुढंमागं करून शंटिंग करतं तिथं तपशील वेगळे असतील, आणि ठिकाण बदलण्याचे नियमही प्रत्येक रेल्वेचे निराळे. बिल्टी, सील, भाडं हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही.

आपण यार्ड म्हणजे वाघिणी उभ्या करून ठेवायची जागा समजतो. खरं तर ते वाटणीचं ठिकाण आहे. आलेली गाडी आधी आगमनाच्या लाइनीवर घेतात, इंजिन काढतात, माणसं दोन्ही बाजूंनी चालत तपासणी करतात आणि वाघिणींच्या ब्रेकमधली हवा सोडून देतात, कारण पुढं त्यांना मोकळं घरंगळायचं असतं. मग मागून इंजिन लावून अख्खी रांग माणूस चालेल अशा वेगानं हम्पवर, म्हणजे मुद्दाम बांधलेल्या उंचवट्यावर ढकलत नेतात. माथ्यावर वाघिणींना जोडणारं कपलिंग सुटतं आणि वाघीण एकटीच उतारावरून निघते. खाली सांधे, म्हणजे रूळ बदलणारे जोड, आपोआप फिरतात, रुळालगतचे रिटार्डर चाकं दोन्ही अंगांनी दाबून वेग आवरतात, आणि ती आपल्या लाइनीत जाऊन आधीच्या वाघिणीला टेकते. टेकताना वेग ताशी सहा-सात किलोमीटरच्या आसपासच असावा लागतो. भरलेली जोरात धावते, रिकामी समोरच्या वाऱ्यानं मध्येच थांबते, थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, हा सगळा हिशेब धरून प्रत्येकीला वेगळा ब्रेक द्यावा लागतो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटचं बेली यार्ड जगातलं सर्वांत मोठं मानतात. तिथं पूर्वेकडं जाणाऱ्या वाघिणींसाठी ३४ फूट उंचीचा हम्प आहे आणि पश्चिमेकडच्यांसाठी २० फुटांचा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळचं माशेन हे १९७७ साली सुरू झालेलं यार्ड युरोपात सर्वांत मोठं. पसारा कमीजास्त असेल, पण काम हेच.

आता माझी चूक. कोणती वाघीण कुठल्या लाइनीत जाणार याची यादी गाडी हम्पवर चढण्याआधीच तयार असते. कपलिंग सोडणारा त्या यादीबरहुकूम सोडतो, सांधेही तिच्यावरच फिरतात. मला हे माहीत नव्हतं. वाघीण यार्डात आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन करून ठिकाण बदललं. संबंधित कार्यालयानं (नाव घेत नाही) "नोंद झाली, काळजी करू नका" म्हणून सांगितलं. नोंद झालीच होती. पण माझी वाघीण त्याच दिवशी पहाटे हम्पवरून उतरून जुन्या ठिकाणच्या लाइनीत उभी राहिली होती. म्हणजे कागदावर एक दिशा आणि रुळावर दुसरी.

लाइनीत गेलेली वाघीण वरच्यावर उचलून काढता येत नाही. तिच्यापुढं वाघिणी, मागं वाघिणी. तिसऱ्या दिवशी गाडी जोडायला घेतली तेव्हा कागद जुळेना, म्हणून तिला मधूनच तोडून बाजूच्या लाइनीत टाकलं. तिथून पुन्हा आगमनाच्या बाजूला नेऊन दुसऱ्यांदा हम्पवर चढवायची. या फेऱ्याला प्राधान्य कोण देणार? रोज नव्या गाड्या दारात उभ्याच असतात. अखेर ती नवी लाइन गाठेपर्यंत त्या दिशेची गाडी निघून गेली होती, आणि पुढची लाइन भरायला आणखी दिवस गेले. सगळे मिळून अकरा दिवस. मी गप्प बसलो असतो तर ती तिसऱ्या दिवशीच सुटली असती.

चुकीपेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या कार्यालयात मी रोज विचारत होतो आणि रोज एकच उत्तर मिळत होतं: "यार्डात आहे." नवव्या दिवशी मी स्वतः यार्डात गेलो. तिथल्या पर्यवेक्षकानं पडद्यावर लाइन उघडली, बोटानं मोजत माझ्या वाघिणीवर थांबला आणि म्हणाला, "ही इथं आहे, पुढं एकवीस आहेत. तुम्ही ठिकाण बदललंत ती वेळ कोणती?" मी दुपार म्हणताच त्यानं त्याच दिवशीच्या पहाटेची नोंद दाखवली. जेमतेम दोन मिनिटांचं काम होतं. हेच फोनवर सांगायला नऊ दिवस का लागावेत, हे मला आजही पटत नाही. बाहेर रिटार्डरची कानठळ्या बसवणारी किंचाळी चालू होती, एकामागून एक वाघिणी उतरत होत्या, आणि माझी मात्र तशीच उभी.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. हम्प सहसा अडत नाही, अडतं ते यार्डाचं दुसरं टोक. तिथं दोन-चार इंजिनं लाइनींमधून वाघिणी ओढतात, गाडी रचतात, मग हवेचे पाइप जोडून ब्रेक तपासणी होते. गर्दी तिथं साचते. म्हणून "कुठं आहे" असं विचारू नका. विचारा की हम्प झाली का, झाली असेल तर कुठल्या लाइनीत, त्या लाइनीची पुढची गाडी केव्हा, आणि सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या वाघिणींच्या लाइनीला, तर टाकली नाही ना. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या यार्डांत वाघीण साधारण दिवसभराच्या आसपास थांबते. चार दिवस म्हणजे कागद जुळत नाही, दुरुस्ती निघालीय, हम्पवरून सोडायला मनाई असलेला माल आहे, किंवा त्या दिशेला पुरेशा वाघिणीच जमल्या नाहीत. यातलं शेवटचं कारण असेल तर नुसती वाट पाहा.

ठिकाण बदलायचंच असेल तर ती यार्डात पोचण्याआधी बदला, नाहीतर पुढच्या यार्डात. हे माझं मत आहे, नियम नव्हे. आणि बदल केलाच तर फोनवर भागवू नका. लेखी घ्या, त्यावर तारखेसोबत वेळही मागा. माझ्या प्रकरणात सगळा वाद वेळेवरच अडला होता.

जाता जाता दोन गोष्टी. माल आतून नीट आवळून बांधा, कारण हम्पखालचा धक्का हळू असला तरी सुटा माल सरकतो, आणि सरकलेला माल म्हणजे थेट सिक लाइन. आणि तुमच्याकडून नियमित मोठा माल जात असेल तर पूर्ण गाडीचा पर्याय जरूर पाहा. जपाननं यार्डांतून सुट्या वाघिणी वाटण्याची पद्धत १९८४ मध्ये बंदच केली. प्रत्येक यार्डात जाणारा वेळ हे त्यामागचं मोठं कारण होतं.

हम्प झाली की नाही एवढं आज विचारून इथं कळवा. त्यावर पुढं काय करायचं ते सांगता येईल.