केळी थिजली की गोठली?

तासगावकडच्या एका वाचकाने विचारलं आहे : 'आमच्या घरी थंडीनं केळी थिजली असं म्हणतात. शाळेत मात्र सांगितलं, थिजतं ते तूप, झाड गोठतं. मग घरचं बोलणं अशुद्ध का?'

अशुद्ध मुळीच नाही. केळीच्या झाडासाठी 'थिजणं' हाच नेमका शब्द आहे, आणि तो सोडू नये.

गोठतं ते पाणी, त्याचा बर्फ होतो. थिजतो तो स्निग्ध पदार्थ, तूप किंवा खोबरेल. त्यासाठी पारा शून्यावर यावा लागत नाही. सांगलीच्या साध्या थंडीतही खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, शेजारचं शेंगतेल मात्र पातळच असतं. शेंगतेलात असंतृप्त मेदाम्लं, म्हणजे गारव्यातही सहसा न थिजणारे मेदाचे घटक, जास्त असतात म्हणून. झाडाच्या प्रत्येक पेशीभोवतीचं पटलही मेदाचंच असतं. केळी उष्ण प्रदेशातली. पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरला की तिच्या पटलांचा लवचीकपणा जातो, क्षारांची ने-आण बिघडते, नवं पान अडकून बसतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते, तीही याच बिघाडाने. बर्फाचा कणही नसताना झालेल्या या इजेला 'गोठणं' म्हणणं शास्त्रालाही धरून नाही.

'गोठणं' शोभतं ते महाबळेश्वरला. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात काही पहाटे गवतावरचं दहिवर पांढरं होतं. निरभ्र रात्री पातं आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि हवेपेक्षाही गार होतं, त्यामुळे हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही हे घडू शकतं. झाडाच्या आत बर्फ धरतो तोही बहुधा आधी पेशींच्या मधल्या जागेत. तो पेशीतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे गोठलेलं झाड खरं तर आतून सुकतं.

वाचकाचा दुसरा प्रश्न : काही झाडं यातून तरतात, त्याला 'अनुकूलन' म्हणावं का? पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या बदलाला जरूर म्हणावं. पण एकच रोप काही दिवसांच्या गारव्यात बदलतं, त्याला आपलं 'सरावणं' अधिक चांगलं. हा सराव चयापचयाचा असतो. चय म्हणजे साठवण, अपचय म्हणजे झीज. थंडीत या दोहोंचा हिशेबच बदलतो. वाढ मंदावते, साखर खर्च होत नाही. साठवलेला स्टार्चही फुटून त्याची साखर होते. ही साखर आणि प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल पेशीतलं पाणी धरून ठेवतात, प्रथिनांना नि पटलांना सांभाळतात. शिवाय पटलातली असंतृप्त मेदाम्लं वाढतात, म्हणजे पटल शेंगतेलाच्या वळणावर जातं आणि थिजत नाही. थंडीतला पालक गोडसर लागतो तो या साखरेमुळे. युरोपातला हिवाळी गहू असा सरावला की शून्याखाली पंधरा अंशांतही तग धरतो. तेच रोप उबेतून एकदम तिथे नेलं तर मरतं. केळीला हा सराव फारसा जमत नाही.

आणि 'सराव' शब्दाची आणखी एक बाजू इथे चपखल बसते. तो मोडतोही. मध्येच काही दिवस ऊब मिळाली की गहू साखर वाढीकडे वळवतो, आणि नंतर आलेली कडक थंडी त्याला बाधते.