दाखला लागतच नव्हता

तुमच्या मावशींचं वाचलं. काका बांधकामावरून पडून गेले, ठेकेदार हात झटकतोय, आणि मोफत वकील मागायला गेलात तर म्हणे, ‘आधी उत्पन्नाचा दाखला आणा.’ माझा भाऊ असाच कामावर गमावला, तेव्हा हेच वाक्य माझ्या वहिनीला ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्न विचारायचंच नाही. ज्यांना मर्यादा आहे त्यांचंही प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. हे कळेपर्यंत आमचे पाच महिने गेले. तलाठी मीटिंगला, सेतूत सर्व्हर डाऊन, मग नावापुढे ‘सौ.’ कसं, म्हणून अर्ज परत. दर खेपेला वहिनीचा रोज बुडायचा.

पण खरी माती मी खाल्ली. पहिल्याच दिवशी खिडकीतल्या बाबूने आमचा मोफत वकिलाचा अर्ज न वाचता परत सरकवला आणि मी तो निमूट पिशवीत घातला. आवक शिक्का मागितला नाही. पुढे भरपाईचा दावा दाखल झाला तो दोन वर्षांची मुदत उलटून ४३ दिवसांनी. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. कारण होतं, कागद नव्हता. समोरचा वकील एवढंच म्हणाला, ‘आला होतात ना, मग पोच दाखवा.’ नुसत्या विलंबमाफीवर अकरा महिने गेले.

तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. घेत नसतील तर हुज्जत नको, स्पीड पोस्टाने पाठवा. तालुक्यात दाद लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोनही करता येतो, पण माझा भरवसा कागदावरच.

घटनेत १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३९अ आहे, पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून. त्या खिडकीच्या काचेवर मात्र झेरॉक्सचे दर तेवढे चिकटवलेले होते. असो.

ठेकेदार म्हणेल, ‘तो माझ्या हजेरीपटावर नव्हताच.’ आमच्या वकिलाने बिल्डरलाही सामनेवाला केलं, आणि दावा वहिनी राहते त्या जिल्ह्यातच लावला, त्यामुळे मुंबईचे खेटे वाचले. आमच्या वेळी कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय. तुम्हाला कोणता लागू आणि मुदत किती, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

आणि काकांचा मोबाइल जपा. मुकादमाचे फोन, पगाराचे मेसेज, साइटवरचे फोटो, सगळं त्यातच असतं. आमच्या भावाचा मोबाइल आम्ही तेराव्याच्या खर्चासाठी विकून टाकला होता.