वाचकांचे प्रश्न : सर्च इंजिन निवडताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून घरची शेती पाहतो. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने माझ्या फोनमध्ये गुगलऐवजी डकडकगो हे सर्च इंजिन लावून दिले आणि "काका, आता तुम्ही काय शोधता याची कोणी नोंद ठेवणार नाही," असे सांगितले. तेव्हापासून 'आजचा सोयाबीन भाव' असे शोधले की लातूरच्या आधी परराज्यांतील बाजारांचे भाव पुढे येतात. नेमके उत्तर हवे असेल तर आपली माहिती द्यावीच लागते का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : द्यावी लागत नाही, मात्र त्याऐवजी एक-दोन शब्द अधिक टाइप करण्याचे कष्ट आपल्याला घ्यावे लागतील.

माणसागणिक निकाल बदलतात, त्यामागे दोन निराळी कारणे असतात. आपण कोठे आहात व कोणत्या भाषेत विचारत आहात हे पहिले कारण, आणि यापूर्वी आपण काय शोधले व कोणते दुवे उघडले हे दुसरे. गुगलने जुन्या शोधांवर आधारलेले निकाल 2005 मध्ये लॉग-इन करणाऱ्यांसाठी सुरू केले आणि डिसेंबर 2009 मध्ये हीच पद्धत लॉग-इन न करणाऱ्यांनाही लागू केली. त्यासाठी ब्राउझरमधील कुकीच्या (संकेतस्थळाने आपल्या फोनमध्ये किंवा संगणकावर ठेवलेल्या छोट्या ओळखनोंदीच्या) आधारे 180 दिवसांपर्यंतचे शोध विचारात घेतले जात. मात्र निकालांतील फरक बहुतांशी ठिकाणामुळे आणि भाषेमुळे पडतो, जुन्या शोधांचा वाटा त्यात थोडाच असतो, असे ही कंपनी स्वतःच सांगत आली आहे. हे म्हणणे खरे मानले, तर शोधांची मोठी यादी साठवून ठेवण्यात शोधणाऱ्याचा लाभ फारसा नाही, हे त्यातच कबूल झाले आहे असे मला वाटते.

ठिकाणाचे महत्त्व मात्र खरेच मोठे आहे. 'वैद्यनाथ ज्योतिर्लिंग' असे शोधणाऱ्या बीड जिल्ह्यातील माणसाला परळी अभिप्रेत असते, तर झारखंडमधील माणसाला देवघर. 'औरंगाबाद' या नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, त्यामुळे आपल्याकडचे जुने नाव टाइप करणाऱ्याला काही वेळा तिकडच्या बातम्या दिसतात. आपण कोठे आहात हे ज्या सर्च इंजिनाला ठाऊक असते, ते असा घोटाळा न विचारता सोडवते. पण तोच घोटाळा आपण 'परळी' किंवा 'छत्रपती संभाजीनगर' हे शब्द जोडून सोडवू शकतो, आणि त्या एका शोधापलीकडे आपले ठिकाण कोणाला कळवण्याची गरज उरत नाही. आपल्या बाबतीतही 'सोयाबीन भाव लातूर बाजार समिती' एवढे लिहिणे पुरेसे ठरावे. डकडकगोच्या निकालांच्या पानावर देश निवडण्याची सोय आहे; तेथे भारत निवडला आहे ना, हे एकदा पाहावे. शिवाय जो भाव रोज पाहायचा आहे तो रोज शोधावा तरी कशाला? महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय दर मिळतात. ते पान फोनमध्ये बुकमार्क करून ठेवले की सर्च इंजिनाचा प्रश्नच मिटतो.

जुन्या शोधांच्या यादीचा उपयोग अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महिन्यापूर्वी वाचलेला शासन निर्णय पुन्हा सापडवायचा असेल, किंवा एकाच विषयाचा अभ्यास बरेच दिवस चालला असेल, तर ती यादी कामाला येते. परंतु जाहिरातीसाठी ती लागतेच, हा समज बरोबर नाही. 'पीककर्ज' हा शब्द टाइप करणाऱ्याला कर्जाची जाहिरात दाखवण्यासाठी तो शब्दच पुरेसा असतो, आणि डकडकगोचे उत्पन्नही मुख्यतः अशाच, त्या क्षणीच्या शब्दावर आधारलेल्या जाहिरातींतून येते. यादी लागते ती दुसऱ्या कारणासाठी: आज कर्ज शोधणारा हा माणूस काल कोणत्या आजाराविषयी आणि परवा कोणत्या जमिनीच्या वादाविषयी वाचत होता, हे जोडून पाहण्यासाठी.

अशी जोडणी किती बोलकी असते, याचे उदाहरण 2006 मध्ये अमेरिकेत घडले. एओएल या कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील जवळपास दोन कोटी शोध खुले केले. त्यातून नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी एका क्रमांकाखालील शोध वाचून, त्यातील गावाच्या व आडनावाच्या उल्लेखांवरून जॉर्जिया राज्यातील एका वृद्ध महिलेचे घर गाठले. त्या महिलेने स्वतःचे नाव कोठे नोंदवले होते असे नव्हे. साध्या घरगुती शोधांनीच तिची ओळख पटवली. आपल्याकडे गाव, गट नंबर, पीक, मुलाचे कॉलेज आणि आईचे दुखणे एवढे पाच शोध एकत्र आले, तर तलाठ्याला विचारण्याचीही गरज पडणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, पुतण्याने लावून दिलेले राहू द्यावे आणि ठिकाण स्वतः टाइप करावे. मराठी मजकुराच्या शोधात मात्र गुगल मला अजूनही सरस वाटते. मराठी पाने मुळातच कमी, आणि लहान सर्च इंजिनांकडे त्यातलीही सगळी पोहोचत नाहीत. तेव्हा एखादे मराठी पान सापडतच नसेल, तर तेवढ्यापुरते गुगल उघडण्यात काही गैर नाही. त्या वेळी गुगल खात्यातील 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' (आपण काय शोधले याची नोंद ठेवणारी सोय) बंद ठेवावी, किंवा निदान नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची मुदत तीन महिन्यांवर आणावी. 2020 पासून नव्या खात्यांना ही मुदत 18 महिन्यांची मिळते. त्याआधीच्या खात्यांत ती आपणच लावावी लागते, आणि आपल्या वयाच्या वाचकांची खाती बहुधा त्याआधीचीच असतात.

प्रश्न : आमच्या घरी एकच चांगला फोन आहे. मुलगी त्यावर नीटचा अभ्यास करते, यजमान आणि सासरेही तोच वापरतात. मी माझ्या तब्येतीविषयी काही शोधले की नंतर दुसऱ्या कोणाच्या हातात फोन असताना तेच शब्द आपोआप खाली येतात. ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकी वापरली म्हणजे पुरे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपल्या अडचणीपुरते पुरे आहे. खासगीपणाची चर्चा नेहमी मोठ्या कंपन्यांभोवती फिरते. परंतु आपल्याकडच्या अनेक घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, पहिला प्रश्न घरातल्याच माणसांचा असतो, आणि तो कमी महत्त्वाचा मानू नये. इनकॉग्निटो खिडकी बंद केली की त्यातील शोध आणि पाहिलेली पाने फोनच्या ब्राउझरमध्ये राहत नाहीत, त्यामुळे ते शब्द पुढच्या माणसाला दिसणार नाहीत. फक्त त्या खिडकीत खात्यात लॉग-इन करू नये. केल्यास नोंद खात्यात जाईल, आणि ते खाते घरात सर्वांचे असेल तर ती सर्वांना दिसेल.

याचा अर्थ कंपनीला किंवा संकेतस्थळांना काहीच कळत नाही, असा मात्र होत नाही. या समजावरूनच 2020 मध्ये अमेरिकेत गुगलविरुद्ध दावा दाखल झाला होता, आणि 2024 मधील तडजोडीत कंपनीने अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. डकडकगोसारखे सर्च इंजिन इनकॉग्निटो खिडकीत उघडले तर दोन्ही बाजू बऱ्याच अंशी सांभाळल्या जातात. आणि एक अगदी साधी गोष्ट: 2017 पासून गुगलला मराठीत बोलून विचारता येते, ही सोय उत्तम आहे, पण तब्येतीचे प्रश्न टाइप करूनच विचारावेत, शेजारच्या खोलीपासून वाचवणारे सेटिंग अजून निघालेले नाही.

प्रश्न : 'आम्ही आपली माहिती साठवत नाही' असे म्हणणाऱ्या सर्च इंजिनांवर विश्वास का ठेवावा? (कृषी विद्यापीठातील एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : आंधळा विश्वास ठेवू नये. 2022 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की, डकडकगोचा स्वतःचा ब्राउझर इतर संकेतस्थळांवरील मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना (वाचकाच्या वावराचा माग ठेवणाऱ्या प्रणालींना) अडवत नव्हता, आणि त्यामागे मायक्रोसॉफ्टशी झालेला करार होता. टीका झाल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने धोरण बदलले. प्रश्न ब्राउझरचा होता, शोधांची यादी साठवण्याचा नव्हता. तरीही कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहण्याची सवय त्यातून लागावी. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनाकडून येतात. नेदरलँड्समधील स्टार्टपेज आपली ओळख पुढे न कळवता गुगलचे निकाल आणून देते. 2021 मध्ये सुरू झालेल्या ब्रेव्ह सर्चने वेबपानांची स्वतःची सूची उभी केली आहे. माहिती मागणारे आणि साठवणारे सर्च इंजिन चुकले तर बाहेर पडण्यासारखे पुष्कळ असते, न साठवणारे चुकले तर थोडे. निवडीला एवढा आधार मला पुरेसा वाटतो. निकालातील दुवा उघडल्यानंतर मात्र आपण त्या संकेतस्थळाच्या हद्दीत असतो, आणि तेथे आपला मोबाइल नंबर भरून दिला तर कोणतेही सर्च इंजिन आपल्याला वाचवू शकत नाही. झटपट कर्ज देऊ करणाऱ्या पानांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रश्न : नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडा, असे विचारले गेले. हे विचारण्याचे कारण काय? (एक व्यापारी, जालना)

उत्तर : भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, आणि त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये कंपनीने भारतात हा पर्याय देण्याचे जाहीर केले. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच लावून दिलेले सर्च इंजिन फार थोडे लोक बदलतात, आणि म्हणूनच त्या जागेला मोठी किंमत असते. 2021 या एका वर्षात गुगलने अशा जागांसाठी जगभरात 26.3 अब्ज डॉलर मोजल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. घाईत काहीही निवडले गेले असेल तरी क्रोमच्या सेटिंगमधील 'सर्च इंजिन' या ठिकाणी ते केव्हाही बदलता येते. बदल केल्याने खात्यातील जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात.