रे-ट्रेसिंगमध्ये 'जिऑमेट्री एरर' येतोय, 'इग्नोर एरर्स'वर टिक करून पुढं जाऊ का?

तुम्ही विचारलंय, की बेळगावच्या उद्यमबागेतल्या मोल्डवाल्याकडून (साचे बनवणाऱ्याकडून) आलेली ॲक्रिलिक टीआयआर भिंगाची (आतल्या आत पूर्ण परावर्तन करून प्रकाश वळवणाऱ्या भिंगाची) स्टेप फाईल, म्हणजे त्रिमितीय कॅड आराखडा, झीमॅक्स या किरणांचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नॉन-सिक्वेन्शियल मोडमध्ये (किरण वस्तूंवर कुठल्याही क्रमानं आदळू शकतात अशा पद्धतीत) घेतली, एलईडी लावला, आणि आता जिऑमेट्री एरर येतोय. टिक केली की रन पुरा होतो, तर चालेल का?

आत्ताच नको. टिक केल्यानं चूक दुरुस्त होत नाही, चुकलेले किरण नुसते सोडून दिले जातात. किरण कुठल्या वस्तूत शिरला आणि कुठून बाहेर पडला याचा हिशेब सॉफ्टवेअर ठेवतं. शिरलेल्याला बाहेर पडायचा पृष्ठभागच सापडला नाही, की किरण तिथंच संपतो. म्हणून आधी तो कुठं संपतो ते शोधा. लेआउटमध्ये हजारभर किरण घ्या आणि फिल्टरमध्ये 'झेड' हे इंग्रजी अक्षर टाका, म्हणजे फक्त एररवाले किरण दिसतील. तरी कळलं नाही, तर एकेका वस्तूला 'रेज इग्नोर ऑब्जेक्ट – ऑलवेज' करून बघा. जी काढल्यावर एरर थांबतो, ती धरा.

एररवाले किरण सुरुवातीलाच संपत असतील तर सोर्स (प्रकाशाचा उगम, इथं एलईडी) बघा. सोर्स एलईडीवरच्या सिलिकॉनच्या घुमटात असेल तर 'इनसाइड ऑफ' रकान्यात त्या घुमटाचा क्रमांक हवा. सोर्स आणि भिंगाचा पृष्ठभाग झेड अक्षावर तंतोतंत एकाच ठिकाणी असतील, तर सोर्स ०.०१ मिमी सरकवा.

दोन वस्तू जिथं टेकतात, तिथं खरी गोम असते. ग्लू डिस्टन्स, म्हणजे ज्याच्या आतले दोन पृष्ठभाग सॉफ्टवेअर चिकटलेले धरतं ते अंतर, मुळात ०.०००००१ मिमी असतं. कॅडच्या राउंडिंगमुळं ०.०००००५ मिमीची फट राहिली, तर सॉफ्टवेअर ती हवा समजतं आणि ४२ अंशांपेक्षा तिरपा किरण ॲक्रिलिकमधून परत फिरवतं. प्रत्यक्षात ५ नॅनोमीटरच्या फटीतून प्रकाश सरळ पार होतो. इथं एररसुद्धा येत नाही, उत्तर मात्र चुकतं. मला तर एररपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. ग्लू डिस्टन्स वाढवत बसू नका. दोन्ही वस्तू मुद्दाम ०.०१ मिमी एकमेकींत घुसवा. सामाईक भागात यादीत नंतर येणाऱ्या वस्तूचं मटेरियल धरलं जातं, म्हणून जी खरी हवी ती खाली ठेवा. आत बसणारी वस्तूही तशीच बाहेरच्या वस्तूच्या खाली.

किरण फिलेटवर (गोलसर केलेल्या कडेवर) किंवा पृष्ठभागांच्या जोडावर संपत असतील, तर फाईलच सदोष आहे. कॅडमध्ये ती बंद सॉलिड आहे का तपासा, आणि इजेक्टर पिनच्या खुणा, कोरलेली अक्षरं, बारीक चिंध्यांसारखे पृष्ठभाग काढून पुन्हा स्टेप घ्या. एसटीएल प्रकारची फाईल घेऊ नका, त्यात वक्र पृष्ठभागाचे सपाट तुकडे होतात.

मोल्डवाल्याला एक नक्की विचारा: फाईल पार्टची (तयार भिंगाची) आहे की कॅव्हिटीची (साच्यातल्या पोकळीची)? ॲक्रिलिक साधारण ०.५ टक्के आकसतं, म्हणून कॅव्हिटी तेवढी मोठी ठेवतात. २० मिमीच्या भिंगाला ०.१ मिमीचा फरक पडतो, आणि मग ते होल्डरमध्ये नको तिथं घुसतं.

हे झाल्यावर रनच्या शेवटी दिसणारा 'लॉस्ट एनर्जी – एरर्स' (एररमुळं हरवलेली ऊर्जा) हा आकडा बघा. लाखात दोनचार किरण नेमके कडेवर आदळून गेले तर चालतं, आणि तेव्हा टिक करायला माझी हरकत नाही. 'थ्रेशोल्ड्स'चा आकडा मात्र यात मिळवू नका. ती ऊर्जा किरण ठरवलेल्या किमान तीव्रतेखाली गेल्यामुळं सोडलेली असते, भूमितीशी तिचा संबंध नाही.