वाचकांचे प्रश्न : खाडीकाठची चिकणमाती आणि संगणकाचे उत्तर

प्रश्न : खाडीलगतच्या जागेत दोन मजली तळघरासाठी खोदकाम करायचे आहे. डायफ्राम भिंत (खोदण्याआधी जमिनीत ओतलेली काँक्रीट भिंत) आणि स्ट्रट (तिला आतून रोखणारे आडवे टेकू) यांचे विश्लेषण आम्ही फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे जमीन लहान घटकांच्या जाळीत विभागून संगणकावर केले. मऊ सागरी चिकणमातीसाठी मोहर-कूलंब प्रारूप (घर्षण आणि कणांची चिकटण्याची ताकद, म्हणजे आसंजन, यांवरून मातीची ताकद ठरवणारे) घेतले, प्रयोगशाळेत मिळालेला प्रभावी घर्षणकोन दिला आणि खोदकाम जलद होणार असल्याने माती 'अनड्रेन्ड', म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी, धरली. जाळी दुप्पट बारीक केली तरी भिंतीचे सरकणे बदलत नाही. हे उत्तर विश्वसनीय मानावे काय?
— एक स्थापत्य अभियंता, नवी मुंबई

उत्तर : जाळी बारीक करूनही उत्तर स्थिर राहते, याचा अर्थ इतकाच की मांडलेली समीकरणे नीट सुटली आहेत, ती आपल्या मातीला लागू आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. आपली मांडणी, म्हणजे प्रभावी घर्षणकोन देऊन माती अनड्रेन्ड धरणे, या क्षेत्रात 'मेथड ए' म्हणून ओळखली जाते, आणि नेमक्या अशाच मातीत ती धोक्याच्या बाजूला चुकते.

मऊ, सामान्यतः संघनित (आजच्यापेक्षा जास्त भार पूर्वी न पेललेल्या) चिकणमातीवर कर्तन ताण (थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) आला की तिचे कण जवळ येऊ पाहतात. पाण्याला निसटायला वेळ नसल्याने छिद्रजलदाब (कणांमधल्या पाण्याचा दाब) वाढतो, प्रभावी ताण (कणांनी एकमेकांवर पेललेला ताण) घटतो आणि त्याबरोबर मातीची ताकदही घटते. मोहर-कूलंब प्रारूपात मात्र माती भंग पावेपर्यंत स्थितिस्थापक राहते, त्यामुळे कर्तनाने सरासरी प्रभावी ताण बदलतच नाही. घर्षणकोन 24 अंश, आसंजन शून्य आणि उभा प्रभावी ताण 100 किलोपास्कल धरून हाताने हिशोब केला, तर प्रारूपातली अनड्रेन्ड ताकद सुमारे 32 किलोपास्कल येते. अशा मातीच्या प्रत्यक्ष चाचण्यांत ती बहुधा 20 ते 25च्या आसपास असते. घर्षणकोन अचूक असूनही ताकद फुगते, हीच यातली फसवी गोष्ट आहे.

सिंगापूरमध्ये याची किंमत मोजावी लागली. 20 एप्रिल 2004 रोजी निकोल हायवेजवळ मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी चाललेले सुमारे 30 मीटर खोल खोदकाम कोसळले आणि चार जणांचा मृत्यू झाला. चौकशी समितीने रचनेतील दोन मोठ्या चुका दाखवल्या. सागरी चिकणमातीसाठी मेथड ए वापरल्याने भिंतीचे सरकणे आणि तिच्यातले वाकण-आघूर्ण (भिंतीला वाकवणारा जोर) वास्तवाच्या जवळपास निम्मेच अंदाजले गेले होते. शिवाय स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांचा जोड अपुऱ्या ताकदीचा होता. जोडाची चूक संगणकाच्या माथी मारता येणार नाही, पण कमकुवत जोडावर अनपेक्षित ताण येण्याची वाट पहिल्या चुकीने मोकळी केली, असे माझे मत आहे.

आपण प्रथम व्हेन चाचणी (मातीत पाती फिरवून), शंकू चाचणी (शंकू आत दाबून) आणि त्रिअक्षीय चाचण्या (नमुना सर्व बाजूंनी दाबून) यांमधून अनड्रेन्ड ताकद खोलीनुसार ठरवावी आणि तीच थेट प्रारूपात द्यावी. पुरेशा संघनन चाचण्या (भाराखाली माती किती दबते ते मोजणाऱ्या) हाती असतील, तर कॅम-क्ले वर्गातले प्रारूप अधिक चांगले, कारण त्यात छिद्रजलदाबाची वाढ मुळातच धरलेली असते. मात्र त्याचे गुणांक पुस्तकातून उचलू नयेत. कोणतेही प्रारूप घेतले तरी पूर्ण भिंतीआधी एकाच घटकावर त्रिअक्षीय चाचणी संगणकात चालवून पाहावी आणि छिद्रजलदाबाचा आलेख प्रयोगशाळेतल्या आलेखाशेजारी ठेवावा. या कामाला अर्धा तास पुरतो, तरी ते फार थोड्या ठिकाणी होते. खोदकाम दीर्घकाळ उघडे राहणार असेल, तर निचरा झालेल्या स्थितीचेही स्वतंत्र विश्लेषण हवे.

भिंतीत इन्क्लिनोमीटर (कल मोजणारे उपकरण) बसवून प्रत्येक टप्प्याचे सरकणे प्रारूपाच्या आकड्याशी ताडावे, आणि काम कोणत्या आकड्यावर थांबवायचे ते खोदकामापूर्वीच लेखी ठरवावे. निकोल हायवेवर मोजमापे अंदाज ओलांडत होती, तेव्हा पुनर्विश्लेषण करून मर्यादाच वर नेण्यात आल्या होत्या.