वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याची पहिली टँक

या वेळी खाऱ्या पाण्याबद्दलच बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, जे फिरून फिरून विचारले गेलेत तेवढेच घेतले.

प्रश्न : ताई, गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, एंजल सगळं करून झालं, आता मरीन करायचंय. 60 लिटरची रिकामी टँक पडून आहे, तीच वापरू का? मीठ साधं चालेल का? की सरळ समुद्राचंच पाणी आणू?

उत्तर : 60 लिटरमध्ये करणारे करतात, पण पहिलीच टँक असेल तर 150-200 लिटरची घ्या. छोटी म्हणजे सोपी असं सगळ्यांना वाटतं आणि इथे ते बरोबर उलटं आहे. एखादा मासा दगडामागे मरून पडला तर 200 लिटरमध्ये तुम्हाला सावरायला वेळ मिळतो, 60 लिटरमध्ये तो बाकीच्यांनाही घेऊन जातो.

साधं मीठ अजिबात नाही. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं, समुद्राच्या पाण्यात त्याच्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं, म्हणून मरीन सॉल्ट मिक्सच घ्यायचं. किनाऱ्याचं पाणी मी तरी आणणार नाही, त्यात सांडपाणी, तेल काय काय मिसळलेलं असतं, पाऊस पडला की खारटपणा बदलतो आणि बारीक जीव बादलीतच मरून पाणी सडायला लागतं. नळाचंही नको, क्लोरीन औषधाने जाईल पण फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपातलं तांबं तसंच राहतं. आरओ-डीआयचं, म्हणजे फिल्टरने क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं पाणी घ्या, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दाखवणारं.

आधी पाणी आणि मग त्यात मीठ, हा क्रम उलटा करू नका, मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियमचा पांढरा साका तळाला बसतो आणि तो परत विरघळत नाही. वेगळ्या ड्रममध्ये छोटा पंप लावून रात्रभर फिरवा, सकाळी मोजा. 35 पीपीटी (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार) हवं, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.026 च्या आसपास. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, काटा हलणाऱ्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चढतो. आणि तो रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या तयार द्रावणाने सेट करायचा, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर आणला म्हणून 35 ला बरोबर दाखवेलच असं नाही.

प्रश्न : टँक भरून चार दिवस झाले, पाणी एकदम क्लिअर आहे, दुकानदार म्हणतो आता मासे सोडा. सोडू का?

उत्तर : नाही. नाही म्हणजे नाही 😀

पाणी दिसायला स्वच्छ आहे याचा आणि मासा जगण्याचा काही संबंध नाही. अमोनिया डोळ्याला दिसत नाही. मासे, उरलेलं खाणं, कुजणारं काहीही, या सगळ्यातून अमोनिया सुटतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे दोघं दगडावर-वाळूवर पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. लाइव्ह रॉक (समुद्रातला, बॅक्टेरिया आणि बारीक जीव बसलेला दगड) चांगला मिळाला किंवा बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर लवकर होऊ शकतं, पण कॅलेंडर बघून ठरवायचं नाही, टेस्ट किट बघून ठरवायचं.

गोड्या पाण्यातली जुनी मंडळी इथे जास्त फसतात, कारण त्यांना वाटतं थोड्या अमोनियाने काय होतंय. पीएच 7 असेल तर त्यातला खरा विषारी भाग अगदी थोडा असतो, मरीन टँकचा पीएच 8.1 ते 8.4, तिथे तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग कितीतरी पटीने वाढतो. हे बॅक्टेरिया वाढवून घेण्यालाच सायकल म्हणतात. आधी लोक डॅमसेल (चिवट, भांडखोर छोटा मासा) टाकून सायकल करायचे, म्हणजे मासा त्या विषात ठेवून वाट बघायची, आणि त्यातून वाचलेला डॅमसेल पुढे टँकचा दादा होऊन बसायचा, नवीन माशाला टिकू द्यायचा नाही. आता काही गरज नाही त्याची. अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया 2 पीपीएमला (लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम) आणा आणि रोज मोजत राहा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल, आणि ते बरेच दिवस हलणारच नाही, तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो. ज्या दिवशी 2 पीपीएम अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील त्या दिवशी सायकल झाली. मग पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि एक, फार तर दोन मासे सोडा. पुढचे दोन-तीन आठवड्यांनी.

मधल्या काळात वाळूवर, काचेवर कॉफीच्या रंगाची धूळ बसेल, ते डायटम (एक सूक्ष्म शेवाळ), आपोआप जातात. नंतर हिरवं शेवाळ येईल, तेव्हा टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी) आणा. काहीतरी टाकून हे मारायच्या भानगडीत पडू नका. आणि लाइव्ह रॉक असेल तर दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च मारून बघाच, काचेवर मिठाच्या कणाएवढे पांढरे कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) टुणटुण उड्या मारत असतात, भोकांतून ब्रिसल वर्म (अंगावर काटे असलेल्या अळ्या) अर्धे बाहेर येऊन वाळू चाचपत असतात, एकही मासा नसताना टँक भरलेली असते. तो वर्म बघून घाबरून बरेच जण दगड उकळायला घेतात. दगड कधीही उकळू नका, त्यावर पॅलिथोआ (प्रवाळासारखा एक जीव) असेल तर त्याचं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेतून नाकात जातं आणि त्याने घरातली माणसं हॉस्पिटलात पोचलेली आहेत. ब्रिसल वर्म राहू दे, तो सफाई कामगार आहे, फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे घुसतात.

प्रश्न : माझ्या 100 लिटरच्या टँकचं पाणी रोज कमी होतं, मी नेहमी 35 पीपीटीचंच पाणी बनवून भरतो. तरी स्नेल मेले, मासे सुस्त. असं का?

उत्तर : कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. तुमच्या टँकमध्ये 100 लिटरला अंदाजे साडेतीन किलो मीठ आहे. 5 लिटर पाणी उडालं तरी मीठ तेवढंच, वरून तुम्ही 5 लिटर खारं पाणी भरलंत म्हणजे आणखी 175 ग्रॅम मीठ घातलंत, खारटपणा गेला 36.75 वर. असं चारदा केलंत की 42. मासे काही दिवस ओढतात, स्नेल, कोळंबी यांना ते झेपत नाही.

उडालेलं पाणी भरायचं ते साधं आरओ-डीआय, खारं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज तिथपर्यंत भरा, कंटाळा येत असेल तर ऑटो टॉप-ऑफ (पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा. आता 42 झालं असेल तर एका दिवसात 35 वर आणू नका हं, रोज थोडं थोडं खारं पाणी काढून तेवढंच साधं भरत आठवडाभरात उतरवा.

प्रश्न : क्लाउनफिश, ॲनिमोन आणि ब्लू टँग, मुलांना हे तिन्ही हवेत.

उत्तर : क्लाउनफिश घ्या, टँकमध्ये पैदास केलेलाच घ्या, तो चिवट असतो. लहान दोन घेतले की त्यातला दादागिरी करणारा मादी होतो, सगळे आधी नरच असतात, मुलांना हे सांगा, टँगपेक्षा यातच जास्त मजा येईल त्यांना. ॲनिमोनशिवाय (फुलासारखा दिसणारा जीव, निसर्गात क्लाउन त्याच्यात लपून राहतो) क्लाउन आरामात राहतो. ॲनिमोनला दणदणीत लाइट आणि जुनं, बसलेलं पाणी लागतं, पहिलं वर्षभर विसरा. त्यात तो चालतो, चालत चालत पंपात गेला तर सगळी टँक नासते. ब्लू टँग 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. 200 लिटरमध्ये नाही.

प्रश्न : क्लाउनच्या अंगावर पांढरे ठिपके आले, निळं औषध टाकलं, मासा बरा झाला पण कोळंबी आणि स्नेल सगळे गेले.

उत्तर : त्या औषधात तांबं होतं. माशाला चालतं, बाकी जवळपास कुणालाच नाही. आणि वाईट म्हणजे दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे त्या टँकमध्ये आता कार्बन आणि तांबं ओढणारं मीडिया लावा, आणि कॉपर टेस्ट शून्य येईपर्यंत कोळंबी सोडू नका.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला असंही नाही. हा मरीन इच नावाचा रोग, याचा सूक्ष्म परजीवी माशावर पोट भरून खाली पडतो, वाळूत कवच करून बसतो, फुटला की शेकडो पिल्लं परत मासा शोधत निघतात. ठिपके नाहीसे होतात ते बरेचदा यामुळेच. खरा उपाय म्हणजे सगळे मासे वेगळ्या नुसत्या काचेच्या टँकमध्ये काढून तिथे औषध करायचं, तांबं टेस्ट किटने मोजून, अंदाजाने नाही, आणि मोठी टँक साधारण अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवायची. ऐकायला फार वाटतं, म्हणूनच पुढच्या वेळी नवीन मासा आधी क्वारंटाइनमध्ये आणि मग मोठ्या टँकमध्ये.

प्रश्न : स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) दोन्ही घ्यायलाच हवेत का? आणि लाइट गेली तर?

उत्तर : दोन-तीनच मासे आणि आठवड्याला 10 टक्के पाणी बदलणार असाल तर स्किमर नंतर घेतला तरी चालेल. घेतलात तर पहिले काही दिवस तो नुसता फेस ओकतो, बिघडलेला नसतो. चिलरचं तापमानावर आहे, 24 ते 27 डिग्रीत राहिलं की झालं, पाण्यावर छोटा पंखा मारला तरी दोन-तीन डिग्री उतरतं, फक्त पाणी जास्त उडेल, उडालेलं पाणी भरण्याचं वरचं उत्तर वाचा. लाइट गेल्यावर आधी तापमान नाही, ऑक्सिजन संपतो, खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमीच विरघळतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. आणि टँकमधून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबेल अशी सोडा, खारं पाणी वायरीवरून ओघळलं तर ते खाली जमिनीवर पडू दे, सॉकेटमध्ये जायला नको.